काटा वर जातो : पंधरा वर्षांच्या एका छोट्या गाडीचं प्रकरण

मामांची गाडी जून २००९ची. एमएच ०८ पासिंग, अकराशे सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टायमिंग बेल्ट, तेलावर चालणारं पॉवर स्टिअरिंग. पहिल्यापासून एकाच हातात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या पाच-सहा वर्षांत खपलेल्या कुठल्याही लहान गाडीचं बॉनेट आज उघडलं तरी थोड्याफार फरकाने हीच दुखणी बाहेर येतील, आणि नाव दिलं की वाचणारा दुखणं सोडून नावाशी भांडत बसतो.

मामा चिपळूणला असतात. निवृत्त शिक्षक, वय ६८. महिन्यातून एकदा मामीला घेऊन कराडला येतात, तिच्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे. शंभरेक किलोमीटर अंतर, मध्ये कुंभार्ली घाट. एरवी गाडी गावातल्या गावात फिरते. महिन्याचं रनिंग तीन-चारशेच्या आसपास.

नोव्हेंबर २०२३मध्ये मामांचा फोन आला, "अरे, घाटात काटा वर जातो." काटा म्हणजे डॅशबोर्डवरचा, इंजिन किती तापलंय ते दाखवणारा. तेव्हा मीटरवर ९७ हजार किलोमीटर होते. पुढच्या चार महिन्यांत त्यांनी ह्या एका वाक्यावर ७,२५० रुपये घालवले, आणि मार्चमध्ये घाटमाथ्यावर बॉनेटमधून वाफ निघाल्यावर गाडी माझ्या दारात आली. मी काही गाडीचा फिटर नाही. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला बावीस वर्षं काढली आहेत. पंप, व्हॉल्व्ह आणि खपली धरलेल्या नळ्या एवढंच मला कळतं. योगायोगाने मामांच्या गाडीला झालं होतं तेही तेवढंच.

सव्वासात हजारांची पहिली फेरी

मामांना बिलं जपून ठेवायची सवय आहे, म्हणून हा क्रम सांगता येतो. चिपळूणचा फिटर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने पहिल्यांदा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला. "सर, आपल्या हवेत ह्याचं काही काम नाही. उलट पाणी अडवतं." ४०० रुपये. दुसऱ्या खेपेला रेडिएटरच्या (इंजिनातलं गरम पाणी वाऱ्याने गार करणाऱ्या जाळीच्या) पंख्याची मोटर बदलली, २,८०० रुपये. तिसऱ्या खेपेला रेडिएटर काढून ॲसिडने धुतला, ९००. मग घाटात एसी गार करत नाही म्हणून दुसऱ्या एकाने गॅस भरला, २,२००. शेवटी "काटाच खोटं दाखवत असेल" म्हणून सेन्सर बदलला, मजुरीसह ९५०.

ह्यातला एकही माणूस लबाड नव्हता, हे आधी सांगतो. प्रत्येकाने जे दिसलं ते बदललं. एकानेही मामांना विचारलं नाही, की काटा नेमका कधी वर जातो?

गाडी गरम होण्याच्या तक्रारीत सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आहे. सिग्नलला किंवा बाजारात उभी असताना गरम होते आणि पळायला लागली की गार होते, तर संशय पंख्यावर, त्याच्या रिलेवर, स्विचवर. कारण पळताना समोरून येणारा वाराच पंख्याचं काम करतो. उभी असताना ठीक, सपाट रस्त्यावरही ठीक, पण चढाला गरम होते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही. आणि सकाळी थंड गाडी चालू केल्यावर दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड ह्यांच्या मधलं सील, हेड गॅस्केट, गेलं. मामांची गाडी चिपळूणच्या बाजारात तासभर अडकली तरी काटा हलत नव्हता. पोफळी सोडून चढ लागला, दुसरा गिअर पडला की वर. म्हणजे पंख्यावर घातलेले २,८०० रुपये पंख्याचे नव्हतेच.

घाटातच का, हेही समजून घेण्यासारखं आहे. सपाटीला साठच्या वेगाने जाताना इंजिनाला फारसे कष्ट नसतात, वारा भरपूर असतो. अर्धा तुंबलेला रेडिएटरही तिथे निभावून नेतो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसचा वेग, इंजिन मात्र जोरात. उष्णता दुप्पट-तिप्पट आणि वारा निम्मा. त्यात एसी चालू. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली.

बॉनेट उघडल्यावर

रात्रभर गाडी थंड होऊ दिली आणि सकाळी रेडिएटरची कॅप उघडली. आत बिनदुधाच्या चहासारखं तांबूस पाणी. हिरवं नाही, गुलाबी नाही, कूलंटचा मागमूस नाही.

मामांना विचारलं तेव्हा गोष्ट २०१७पर्यंत मागे गेली. त्या साली हीटरकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप सैल होऊन थेंब थेंब गळत होतं. क्लिप घट्ट केली, गळती थांबली, पण तेवढ्यात कमी झालेलं कूलंट विहिरीच्या पाण्याने भरलं. मग पुन्हा थोडं. मग सवयच. "इथं कुठं बर्फ पडतो?" हे फिटरचं म्हणणं, आणि मामांना ते पटलं. कूलंट म्हणजे पाणी गोठू नये म्हणून घालायची वस्तू, हा समज कोकणात आणि घाटावर सारखाच पक्का आहे.

खरं तर आपल्याकडे कूलंटची दोन कामं आहेत. एक, गंज रोखणं. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, पंपाचं पातं पोलादाचं. साध्या पाण्यात हे तीन धातू एकत्र ठेवले की सात वर्षांत काय होतं ते मामांच्या रेडिएटरमध्ये दिसत होतं. दुसरं, उकळण्याचं तापमान वाढवणं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, घाटमाथ्यावर त्याच्याही एखाद-दोन अंश आधी. रेडिएटरच्या कॅपमध्ये स्प्रिंग असते, ती साधारण ०.९ बार दाब धरून ठेवते, म्हणून पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट घातलं की ही मर्यादा आणखी वर जाते. मामांच्या कॅपचं रबर वाळून चिरलं होतं, म्हणजे दाबही नाही आणि कूलंटही नाही. अडीचशे रुपयांची वस्तू. पाच खेपांत कोणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

ओगलेवाडी रस्त्यावर माझ्या ओळखीचा एक फिटर आहे. बोलतो कमी, मोजतो जास्त. त्याच्याकडे गाडी नेली. गाडी गरम करून त्याने तापमानाची गन रेडिएटरवर फिरवली. वरच्या पट्ट्यात ८८ अंश, मधल्या आणि खालच्या भागात मोठा पट्टा ४५-५० अंशांचा. म्हणजे तेवढ्या नळ्यांतून पाणीच जात नव्हतं. कारखान्यात रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना खपली धरली की रस तापत नाही, वाफ फुकट जाते, आणि हंगामात मध्ये मध्ये बंद ठेवून ती खरवडावी लागते. इथे तेच, फक्त नळ्या बोटभरही रुंद नाहीत आणि खरवडता येत नाहीत. ॲसिडने धुतल्यावर मोकळ्या होत्या त्याच नळ्या अधिक मोकळ्या झाल्या. पाणी सोप्या वाटेने जातं, तसं ॲसिडही जातं.

मग कॅप उघडी ठेवून थंड इंजिन चालू केलं. दीड मिनिटात पाण्यात बुडबुडे. मामा शेजारी उभे होते. त्यांना वाटलं पाणी उकळायला लागलं. हात लावून दाखवला, कोमटही नव्हतं. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासलं : पहिला सिलिंडर १७५ पीएसआय, दुसरा ११०, तिसरा १०५, चौथा १७०. शेजारशेजारचे दोन एकदम खाली, म्हणजे त्या दोघांच्या मधल्या जागी गॅस्केट फुटलेलं.

आजार समजला. सात वर्षं साधं पाणी, त्याने तुंबलेला रेडिएटर आणि झिजलेला पंप, त्यामुळे घाटात गरम, आणि वारंवार गरम झाल्याने शेवटी गॅस्केट. नोव्हेंबरमध्ये गॅस्केट बहुधा शाबूत होतं. तेव्हा रेडिएटर, कॅप, पंप आणि कूलंट एवढं केलं असतं तर दहा-बारा हजारांत विषय मिटला असता. चार महिने काटा वर जाऊ देत गाडी चालवली, त्याची किंमत पंधरा हजार.

थर्मोस्टॅटबद्दल दोन शब्द, कारण हा उपाय अजून गावोगाव चालतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तो काढला की सपाट रस्त्यावर इंजिन साठ-पासष्ट अंशांवर रेंगाळतं. इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंडच आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. मामांचं ॲव्हरेज त्या चार महिन्यांत पंधरावरून साडेबारावर आलं होतं. घाटात उपयोग शून्य, कारण तिथे थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडाच असतो.

दुरुस्त करायची की भंगारात द्यायची

ह्या टप्प्यावर मामी म्हणाली, "विकून टाका तो डबा." कराडच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला दाखवली. आहे तशी ३५ हजार, चांगली चालती असती तर ७५. चिपळूणची म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "पुरात होती का?" २२ जुलै २०२१च्या वाशिष्ठीच्या पुरापासून त्या बाजूच्या गाडीला हा प्रश्न ठरलेला. मामांचं घर उंचावर, गाडी वाचली होती. पण ते सिद्ध कसं करणार?

सगळे म्हणत होते, ७५ हजारांच्या गाडीवर ६०-७० हजार कोण घालतं? मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. गाडीची बाजारातली किंमत विकणाऱ्याला महत्त्वाची. मामांना विकायची नव्हती, वापरायची होती. त्यांच्यासाठी प्रश्न असा होता, की ही गाडी नसेल तर ह्याच कामासाठी काय लागेल?

नवी सगळ्यात लहान गाडी घेतली तरी तेव्हा रस्त्यावर येईपर्यंत साडेचार-पाच लाख. मामांचे पैसे ठेवीत आहेत. पाच लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३५ हजार, ते बुडालं. वर नव्या गाडीचा फुल विमा. भाड्याची गाडी म्हणाल तर चिपळूण-कराड-चिपळूण साडेचार हजार, वर्षाच्या बारा खेपांचे ५४ हजार, आणि गावातल्या फिरण्याला रिक्षा वेगळी. एसटीला दोघांनाही अर्धं तिकीट, मामांना वयामुळे आणि मामीला महिला म्हणून. पैशांत ह्याच्याशी कशाचीच बरोबरी नाही. पण ज्या गुडघ्यासाठी यायचं त्याच गुडघ्याने एसटीची पायरी चढायची, हा प्रश्न उरतोच.

मात्र खर्च करण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या ठरवल्या, आणि तिन्हीतली एक जरी वाईट निघाली असती तर मी स्वतः गाडी भंगारात द्यायला सांगितलं असतं. पहिली, पत्रा. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि लहान गाडी इंजिनाने कमी मरते, सडून जास्त मरते. गाडी रॅम्पवर घेऊन शॉकअपचे टॉवर, मागच्या ॲक्सेलच्या जागा आणि पुढची क्रॉसमेंबर स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिली. घट्ट होती. दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड मात्र मागच्या चाकाजवळ बोट घातलं तर आत जात होतं. ते पत्राकामाने होतं. टॉवर सडला असता तर होण्यासारखं काही नव्हतं. दुसरी, इंजिनाचा खालचा भाग. ऑइलचा दाब गरम इंजिनावर ठीक, बेअरिंगचा आवाज नाही, ऑइलमध्ये पाणी मिसळून दुधाळ झालेलं नाही. तिसरी, कागद. जून २०२४मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपत होती. त्यानंतर पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२पासून त्याची फी मोटारीला ५,००० रुपये झाली (आधी ६०० होती), आणि महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला पाच वर्षांचा पर्यावरण कर तेव्हा ३,०००. तपासणीचे आणि कार्डाचे किरकोळ पैसे वेगळे.

बिल

इंजिनाचं बिल २७,१०० झालं. रेडिएटर ३,९०० आणि त्याची कॅप २५०. वॉटर पंप १,६५०. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर २,१००. थर्मोस्टॅट ५५०, होज आणि क्लिपा १,२००, कूलंट १,०५०. गॅस्केटचा पूर्ण किट २,७००, हेडचे नवे बोल्ट ९००. लेथवाल्याकडे हेडचं फेसिंग (खालची बाजू घासून सपाट करणं), व्हॉल्व्ह घासणं आणि हेडला चीर आहे का ते पाहायला पाण्याच्या दाबाची टेस्ट, मिळून २,८००. ऑइल-फिल्टर १,९००, चार प्लग ६००. मजुरी ७,५००.

ह्यात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह ह्यांची वेळ जुळवणारा पट्टा) कसा आला, असं मामांनी विचारलंच. "तो तर चांगला आहे की." बेल्ट ५२ हजार किलोमीटरला, २०१५मध्ये बदललेला होता. किलोमीटर पाहिले तर अजून चालला असता, पण रबराला वयही असतं, नऊ वर्षं झाली होती. आणि ह्या इंजिनात वॉटर पंप बेल्टच्या आडच बसतो. पंप काढायचा तर बेल्ट काढावाच लागतो, हेड काढायचं तरी काढावाच लागतो. एका मजुरीत तिन्ही कामं. बेल्ट जुनाच घातला असता आणि वर्षाने तुटला असता तर पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून नुकतंच केलेलं हेड पुन्हा उघडावं लागण्याची भीती. जुन्या गाडीत पैसे वाचतात ते अशा ठिकाणी : पार्ट स्वस्त घेऊन नाही, तर एकदा उघडलं की त्या वाटेवरचं सगळं उरकून.

पंप बाहेर आला तेव्हा मामांना मुद्दाम दाखवला. पातं उंदराने भाकरी कुरतडावी तसं कडेने खाल्लेलं. तो फिरत होता, पण पाणी ढकलत नव्हता.

हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, मधोमध ०.१२ मिलिमीटरची फट. बहुतेक इंजिनांना ०.०५च्या वर चालत नाही. लेथवाल्याने तेवढंच घासलं. काही जण इथे फेसिंगचे पैसे वाचवतात, नवं गॅस्केट घालून जुनं हेड तसंच आवळतात. गाडी तीन-चार महिने छान चालते, तोपर्यंत ती विकलेली असते.

इंजिन झाल्यावर पुढचं काम. खड्ड्यातून कडकड आवाज येत होता : लोअर आर्मची जोडी ३,२००, लिंक रॉड ९००, टॉपचे माउंटिंग १,४००, पुढचे शॉकअप ४,४००, मजुरी २,०००, अलाइनमेंट ५००. एकूण १२,४००. पत्राकाम आणि तेवढ्या भागाचं पेंटिंग ९,०००. बॅटरी ३,६००. टायर चार, १२,२००. टायरांवर नक्षी भरपूर होती म्हणून मामा तयार नव्हते. बाजूवर २३१७ आकडा दाखवला, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नखाने दाबून पाहिलं तर रबर फायबरसारखं. पावसात घाट उतरायचा आहे म्हटल्यावर मामीनेच निर्णय दिला.

सगळं मिळून ६४,३०० रुपये. नोंदणी आणि कराचे ८,००० धरून ७२,३००. नोंदणी पाच वर्षांची, पण मी गाडीचं आयुष्य चारच वर्षं धरलं : महिन्याला दीड हजार. कराडच्या एका खेपेचं पेट्रोल आणखी दीड हजार. थर्ड पार्टी विमा तेव्हा ह्या गटाच्या गाडीला ३,४१६ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाचे ४,०३१. सर्व्हिसिंग धरलं तरी महिना पाच हजारांच्या आत बसतो, आणि त्यात गावातलं फिरणंही आलं. आधी गेलेले ७,२५० मी ह्या हिशेबात धरले नाहीत. ते गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले.

जे केलं नाही ते

क्लच वर आलेला होता, पेडल जवळजवळ पूर्ण सुटल्यावर गाडी हलायची. सेट ३,८०० आणि मजुरी २,५००. घसरत नव्हता, चढावर वास येत नव्हता, म्हणून ठेवला. क्लच अचानक दगा देत नाही, महिना-दोन महिने आधी सांगतो. स्टिअरिंग रॅकमधून तेल पाझरत होतं. दुरुस्त केलेला रॅक बसवायचे १४ हजार सांगितले. महिन्याला पाव लिटरही तेल लागत नव्हतं, तर बाटली डिकीत ठेवली आणि पुढे गेलो. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेची मोटर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका ओळखीच्याने ७०० रुपयांत आणून दिली. अशा वस्तू वापरलेल्या घ्याव्यात, आरसा, काच, हँडल, दिवा. बेल्ट, पंप, गॅस्केट आणि ब्रेक ह्यांत मात्र खोक्यावरचं होलोग्राम पाहून, बिल घेऊन, ओरिजिनलच.

माझीही एक चूक इथे नोंदवतो. हेडच्या मागे बोटाएवढा एक बायपास होज असतो. नवा १८० रुपयांचा. फिटर म्हणाला मागवावा लागेल, दोन दिवस जातील. मी जुना दाबून पाहिला, मऊ होता, म्हटलं राहू दे. जुलै २०२४मध्ये भर पावसात पाटणजवळ तो फुटला. एवढं बरं, की मामांना मी आधीच पढवून ठेवलं होतं : काटा मध्याच्या वर सरकला की एसी बंद, हीटर पूर्ण वर, काच खाली, आणि बाजूला घेऊन इंजिन बंद. कॅपला अर्धा तास हात लावायचा नाही. हीटर चालू करायला मामांना विचित्र वाटतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता तो गाडीत ओढून घेतो. ते लगेच थांबले म्हणून हेड वाचलं. टोइंग ३,५००, होज १८०, मजुरी ४००, कूलंट ३५०. दोन दिवस वाचवायला गेलो त्याचे ४,४३०.

सोळा महिन्यांनंतर

आता ऑक्टोबर २०२५. गाडीचे एक लाख चार हजार झाले आहेत. पावसातल्या त्या प्रसंगानंतर काटा मध्यावरून हललेला नाही. ॲव्हरेज पंधराच्या वर. ह्या काळात एक सर्व्हिसिंग ३,२००, नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (७४५ आणि जीएसटी, म्हणजे ८७९), आणि पेट्रोलचे रबरी पाइप ६५०. पाइपांना गळती नव्हती, पण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि २००९चे रबरी पाइप त्याचा विचार करून बनवलेले नाहीत. ज्या इथेनॉलच्या टाक्या भरल्या की आमच्या कारखान्यात बोनसची चर्चा सुरू होते, त्याच्याच भीतीने मामांच्या गाडीचे पाइप बदलून घेतले, हे मी कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही.

२२ सप्टेंबरला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मामांचा फोन आला.

"काय रे, घेऊन टाकू का नवी?"

"घ्या की. पण मामा, पार्टांवरचा जीएसटीही कमी झालाय. क्लचसेट स्वस्त पडेल आता."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "हो, तो जरा जास्तच वर आलाय. परवा अलोऱ्याच्या चढाला वासही आला थोडा. पुढच्या खेपेला येतो तेव्हा तुझ्या त्या फिटरला सांगून ठेव. आणि काय काय सोबत उघडतं ते आधी विचार."

फिटरने सांगितलंय : गिअरबॉक्स खाली येणारच आहे, तर मागचं क्रँकचं ऑइल सील घालून घ्या. ३२० रुपये.